अंड्याचा भाव उत्पादकाच्या हाती देणारे डॉ. बी. व्ही. राव, घरच्या दहा कोंबड्या पाळणाऱ्यांनीही समजून घ्यावं असं काम

सातपाटी : पापलेटचा हंगाम सुरू झाला की सातपाटीत पहिली चर्चा असते ती दराची. वजनाप्रमाणे मासळीची प्रतवारी लागते आणि दर ठरतो तो मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमार्फत. एकट्या बोटवाल्याने व्यापाऱ्यापुढे उभं राहायचं आणि तो देईल तो भाव मुकाट घ्यायचा, ही पाळी इथल्या कोळ्यांनी संस्था उभ्या करून टाळली. मासळीच्या बाबतीत जे सातपाटीने केलं, तेच काम देशभरातल्या अंडी उत्पादकांसाठी एका माणसाने पुण्यात बसून नाही, तर गावोगाव फिरून केलं. त्यांचं नाव डॉ. बंदा वासुदेव राव. पोल्ट्रीच्या धंद्यात त्यांना सगळे डॉ. बी. व्ही. राव म्हणूनच ओळखतात. १९९६ मध्ये त्यांचं निधन झालं. पण आज पालघरच्या बाजारात अंड्याचा शेकडा कितीला गेला हे जे रोज कळतं, त्यामागे त्यांचीच खटपट आहे.

परसातून शेडकडे

स्वातंत्र्यानंतरची पंधरा-वीस वर्षं कोंबडी म्हणजे परसातली कोंबडी, एवढंच समीकरण होतं. दिवसभर अंगणात चरायची, रात्री खुराड्यात जायची. पंधरा-वीस अंडी घातली की खुडूक व्हायची, पिल्लं काढायची. त्यातली निम्मी मानमोडीने, घारीने नाहीतर मुंगसाने जायची. उरलेली सणाला, पाहुण्याला किंवा अडीनडीला विकायला. वाडा-जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर अजूनही बऱ्याच घरांत हेच चित्र आहे.

साठच्या दशकात परदेशी संकरित जातींची पिल्लं देशात येऊ लागली. वर्षाला साठ-सत्तर अंडी देणाऱ्या गावठी कोंबडीपुढे ही कोंबडी दोनशेच्या वर अंडी देत होती. पण पिल्लासाठी, खाद्यासाठी, लसीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागत होतं. मूळचे तेलुगू मुलखातले राव याच काळात या धंद्यात उतरले. १९७१ मध्ये त्यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीजची सुरुवात केली आणि पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली. सासवडजवळ केतकावळ्याचं प्रति बालाजी मंदिर पाहायला पालघरहूनही सहली जातात. ते मंदिर याच उद्योगसमूहाने बांधलेलं आहे.

रावांचं धोरण साधं होतं. जे बाहेरून आणावं लागतं ते इथेच तयार करायचं. परदेशी कंपन्यांशी करार करून त्यांनी मूळ जातींचे पक्षी आणले आणि इथल्या उन्हाळ्याला, इथल्या खाद्याला टिकतील अशा कोंबड्या निवडत नेल्या. अंड्यांसाठीची बीव्ही-३०० आणि मांसासाठीची वेनकॉब ही नावं पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडी बसली. नुसती पिल्लं विकून ते थांबले नाहीत. खाद्य, औषधं आणि वेंट्री बायोलॉजिकल्समधून कोंबड्यांच्या लसी, असं सगळंच त्यांनी उभं केलं. हजार पक्ष्यांची शेड एका रोगाने दोन दिवसांत रिकामी झाली, तर चांगल्या जातीचा उपयोग काय, हा त्यामागचा हिशेब होता.

कोंबडी थांबत नाही

उत्पादन वाढलं आणि नवीच अडचण आली. अंडी जास्त झाली, पण भाव उत्पादकाच्या हातात नव्हता. शहरातला व्यापारी सकाळी दर ठरवायचा आणि तो खेड्यातल्या शेडवाल्याला मान्य करावाच लागायचा. ताज्या मासळीसारखंच अंड्याचं आहे. ते फार दिवस ठेवता येत नाही. शिवाय भाव पडला म्हणून कोंबडी अंडी घालायची थांबत नाही, आणि तिचं खाणंही थांबत नाही. उन्हाळा आला, श्रावण लागला की मागणी खाली येते. नेमक्या त्याच वेळी उत्पादकाची मान अडकायची.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे अगदी टोकाला गेलं. अंड्याला उत्पादन खर्चाइतकाही भाव मिळेना. कर्ज काढून शेड बांधलेले लहान शेतकरी कोंबड्या विकून मोकळे होऊ लागले. राव स्वतः पिल्लं विकणारे उद्योजक. शेतकरी बुडाला तर आपणही बुडणार, हे त्यांना कळत होतंच. पण त्यांनी पिल्लांची किंमत कमी करून वेळ मारून नेली नाही. ते देशभर फिरले. राज्याराज्यांत उत्पादकांच्या, व्यापाऱ्यांच्या बैठकांमागून बैठका घेतल्या. भाषा वेगळ्या, बाजार वेगळे, एकमेकांवर विश्वास कमी. शेजारच्या जिल्ह्यातला उत्पादक म्हणजे आपला स्पर्धक, असंच प्रत्येकाला वाटत असे. ज्याने दर लावायचा तो उत्पादकच असला पाहिजे, ही एकच गोष्ट ते सगळीकडे सांगत राहिले.

त्यातून मे १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे आजची एनईसीसी, स्थापन झाली. ही सरकारी संस्था नाही. उत्पादकांनी स्वतःहून एकत्र येऊन चालवलेली संस्था आहे. देशाचे विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागातल्या उत्पादकांनी मागणी आणि साठा पाहून अंड्याचा दर सुचवायचा आणि तो रोज जाहीर करायचा, अशी पद्धत बसवली गेली. दर शंभर अंड्यांचा असतो. मुंबई, पुणे असे प्रमुख बाजारांचे दर आज मोबाईलवर काही क्षणांत दिसतात. दर फारच घसरू लागला तर जादा अंडी उचलून शीतगृहात ठेवायची किंवा बाहेर पाठवायची, हाही मार्ग ठेवला गेला.

दुसरं काम मागणी वाढवण्याचं होतं. अंडं उष्ण असतं, उन्हाळ्यात खाऊ नये, असे समज घराघरांत होते. समितीने त्यावर जाहिराती केल्या. रविवार असो की सोमवार, रोज अंडी खाण्याचा सल्ला देणारी दूरदर्शनवरची जाहिरात चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आजही पाठ आहे. ती याच समितीची. उत्पादकांनी अंड्यामागे थोडेथोडे पैसे काढून सगळ्यांच्या मालाची जाहिरात करायची, ही गोष्ट तेव्हा नवी होती.

शिक्षण आणि वारसा

पोल्ट्री अंदाजाने चालत नाही, ती शिकावी लागते, यावर रावांचा भर होता. पुण्याजवळ उरुळी कांचन इथे पोल्ट्री व्यवस्थापन आणि तंत्रज्ञान शिकवणारी संस्था आहे, तिला त्यांचंच नाव आहे. केंद्र सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये जागतिक पोल्ट्री परिषद नवी दिल्लीत भरली, तेव्हा राव हयात नव्हते. त्यांच्यामागे कन्या अनुराधा देसाई यांनी समूहाची आणि समितीचीही धुरा सांभाळली.

रावांच्या कामाला दुसरी बाजूही आहे. त्यांनी घडवलेला धंदा शेडचा, हजारोंच्या कळपाचा. पुढे करार पद्धत आली. पिल्लं, खाद्य कंपनीचं. शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. या साखळीत पाड्यावरची आठ-दहा कोंबड्यांची बाई कुठेच नव्हती. तिच्या गावठी अंड्याला नगाला जास्त पैसे मिळतात हे खरं. पण तिच्यापर्यंत ना दर पोचला, ना लस.

लस कुठे अडते

लहान कळपाचं खरं नुकसान भावात नाही, मरीत होतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा पाड्यात शिरली की खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. तिच्यावर औषध नाही, लस आहे, आणि ती महागही नाही. अडचण वेगळीच आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते. ती बर्फात ठेवावी लागते आणि फोडली की थोड्या तासांत संपवावी लागते. ज्याच्याकडे दहाच कोंबड्या आहेत तो एकटा कुपी आणत नाही. मग कोणीच आणत नाही.

याला उत्तर रावांच्याच वाटेवर आहे. दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवायचा. पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवायचं. पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी सगळ्या पाड्याचं लसीकरण एकदम उरकायचं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गंबोरो, महिन्याच्या आत लासोटाचा दुसरा डोस, पुढे दीड-दोन महिन्यांची झाली की देवीची आणि मोठ्या पक्ष्यांची राणीखेतची लस, असा साधारण क्रम असतो. नेमक्या तारखा पशुवैद्यकाकडून लिहून घ्याव्यात.

बाकीची काळजी बिनपैशाची आहे. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. विकायला नेलेला पण न विकलेला कोंबडाही परत आणून थेट कळपात सोडू नये. दुसऱ्याच्या शेडवर जाऊन आल्यावर चप्पल आणि हातपाय धुवावेत. मेलेला पक्षी ओढ्यात, खाडीत किंवा कुत्र्यांपुढे टाकू नये. खोल पुरून वर चुना टाकावा. एकदम बरेच पक्षी मेले तर लपवू नये, लगेच कळवावं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. २०२२ मध्ये तो शेजारच्या शहापूर तालुक्यातही आला होता. बर्ड फ्लू शेड आणि खुराडं असा भेद करत नाही.

सातपाटी, मुरबे, दांडी या किनाऱ्यावरच्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. सुकवलेली बारीक मासळी कोंबडीखाद्याच्या कारखान्यांकडे जाते, कारण तिच्यात प्रथिनं भरपूर असतात. घरच्या कोंबड्यांनाही ती चालते, पण बिनमिठाची आणि थोडीच. खारवलेली मासळी घातली तर मिठाची बाधा होऊन कोंबड्या मरतात, आणि मासळी जास्त झाली तर अंड्याला वास येतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घरच्या अंड्याचे पैसे अनेक घरांना उपयोगी पडतात. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच पाड्यापाड्याने आणि आळीआळीने एकत्र लसीकरण झालं, तर हे पैसे वाचतील. बोटवाल्यांना एकत्र आणणारी संस्था ज्या गावात आहे, तिथे दहा घरांनी मिळून एक कुपी आणणं अवघड नाही.