वरच्या वर्गाची पायरी चढलेला ब्लेन जॉन्सन

अमेरिकेतील इंडियाना राज्यात इंडियानापोलिस शहराजवळच्या धावपट्टीवर दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून ड्रॅग रेसिंगची ‘यू. एस. नॅशनल्स’ ही मानाची स्पर्धा भरते. ३१ ऑगस्ट १९९६ रोजी, शनिवारी, तेथे पात्रता फेऱ्या सुरू होत्या. ब्लेन जॉन्सनच्या गाडीने पाव मैलाचे अंतर ४.६१ सेकंदांत कापले. त्या धावपट्टीवर तोवर कोणीही एवढ्या कमी वेळात हे अंतर पार केले नव्हते. पण विक्रमाचा आकडा फलकावर उमटत असतानाच इंजिनाचा स्फोट झाला, मागचा पंख निखळला आणि ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगातील गाडी कडेच्या भिंतीवर आदळली. त्याच दिवशी रुग्णालयात ब्लेनची प्राणज्योत मालवली. तो अवघा ३४ वर्षांचा होता आणि त्या हंगामाच्या गुणतक्त्यात सर्वांत पुढे होता.

ब्लेनच्या आयुष्याची कथा मात्र या अपघातापुरती नाही. एका वर्गात निर्विवाद राज्य करणाऱ्या माणसाने ते राज्य सोडून वरच्या, अधिक वेगवान वर्गात पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात का करावी, या प्रश्नाचे उत्तर त्या कथेत आहे.

ड्रॅग रेसिंगचे तंत्र वरकरणी सोपे भासते. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, मधल्या खांबावरचे दिवे लागतात आणि सरळ रस्त्यावर जो आधी पोहोचतो तो जिंकतो. वळण नाही, फेऱ्या नाहीत. पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर. त्या काळी संपूर्ण शर्यत तेवढ्यातच संपत असे. मात्र इंधन आणि इंजिन यांनुसार गाड्यांचे अनेक वर्ग पडतात. खालच्या वर्गातून वरच्या वर्गात जायचे तर नवा परवाना मिळवावा लागतो. त्यासाठी अनुभवी निरीक्षकांसमोर आधी अपुऱ्या अंतराच्या आणि मग पूर्ण अंतराच्या धावा करून दाखवाव्या लागतात. आधीच्या वर्गातील विजेतेपदामुळे त्यातून सुटका होत नाही.

२४ मे १९६२ रोजी जन्मलेला ब्लेन कॅलिफोर्नियातील सांता मारियाचा. हा सारा परिसर शेतीसाठी प्रसिद्ध. जॉन्सन कुटुंबाचा स्वतःचा संघ होता. ब्लेन गाडी चालवी आणि थोरला भाऊ ॲलन इंजिन बांधी. एकाचे हात स्टिअरिंगवर, दुसऱ्याचे हात यंत्राच्या पोटात, अशी ही विभागणी अखेरपर्यंत कायम राहिली.

‘टॉप अल्कोहोल ड्रॅगस्टर’ हा वर्ग या भावांनी आपलासा केला. लांब, निमुळती, मागे इंजिन असलेली ही गाडी त्यांच्या संघात मिथेनॉलवर धावे. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या स्पर्धांत १९९० ते १९९३ अशी सलग चार वर्षे ब्लेन या वर्गाचा विजेता ठरला. राष्ट्रीय पातळीवरील २६ स्पर्धा त्याने जिंकल्या. त्या वर्गात त्याच्यापुढे कोणी उरले नव्हते.

तरीही हा वर्ग संघटनेच्या व्यावसायिक वर्गांत मोडत नव्हता. शिखर होते ते ‘टॉप फ्युएल’. १९८८ मध्ये एडी हिलने या वर्गात पाच सेकंदांची मर्यादा मोडली होती आणि १९९२ मध्ये केनी बर्नस्टीनने ताशी ३०० मैलांचा टप्पा ओलांडला होता. १९९४ मध्ये जॉन्सन बंधूंनी या वर्गात प्रवेश केला. चार वेळच्या विजेत्याने स्वतःहून नवखेपण पत्करले.

दोन्ही गाड्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या पोटातले गणित निराळे असते. टॉप फ्युएलचे मुख्य इंधन नायट्रोमिथेन. या द्रवाच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जाळता येते आणि पेट्रोलच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. पण हे वरदान दुधारी आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर न जळलेला द्रव तेथेच साचतो. द्रव दाबला जात नाही. मग धातूच फुटतो. म्हणून या वर्गात प्रत्येक धावेनंतर इंजिन उघडावे लागते, सुटे भाग बदलावे लागतात आणि पुढच्या फेरीपूर्वी ते पुन्हा बांधावे लागते. खर्च आणि मनुष्यबळ, दोन्हींचा हिशेब बदलतो.

चालकाच्या दृष्टीनेही सारे बदलते. मिथेनॉलवरच्या गाडीत धावेदरम्यान गिअर बदलावे लागत. टॉप फ्युएलमध्ये गिअर नसतात. क्लचच्या तबकड्या टप्प्याटप्प्याने घट्ट होत जातात आणि त्या केव्हा, किती घट्ट व्हाव्यात हे आधीच ठरवलेले असते. ताशी १६० किलोमीटरचा वेग गाठायला जेमतेम एक सेकंद लागतो. चालकाला चूक सुधारायला सवड नसते. गाडी आपल्या मार्गावरून ढळू लागली आहे हे ओळखून पाय कधी उचलायचा, एवढाच निर्णय त्याच्या हाती उरतो. उरलेले सारे इंजिन जुळवणाऱ्याच्या विचारावर अवलंबून असते. त्यामुळे वरच्या वर्गात चालक एकटा जात नाही, त्याच्यामागचा संपूर्ण संघ जातो. ब्लेनने पायरी चढली ती ॲलनबरोबर.

१९९४ आणि १९९५ हे हंगाम पायाभरणीचे ठरले. मोठमोठ्या संघांच्या तुलनेत हा घरचा संघ लहान होता. पण ॲलनची इंजिनावरील पकड आणि ब्लेनची शिस्त यांचे फळ १९९६ मध्ये दिसू लागले. त्या उन्हाळ्यात कॅन्ससमधील टोपीका येथे ब्लेनने ४.५९२ सेकंदांची नोंद करून राष्ट्रीय विक्रम आपल्या नावावर केला. दोन वर्षांपूर्वी या वर्गात नवखा असलेला चालक आता इतरांपुढे होता. ऑगस्टअखेरीस तो इंडियानापोलिसला पोहोचला तेव्हा टॉप फ्युएलचे पहिले विजेतेपद त्याच्या आवाक्यात आले होते.

ते त्याला लाभले नाही. हंगामाच्या अखेरीस विजेतेपद केनी बर्नस्टीनकडे गेले. उरलेल्या शर्यतींत नसतानाही आधी मिळवलेल्या गुणांच्या बळावर ब्लेनचे नाव वर्षअखेरच्या क्रमवारीत पहिल्या दहांत राहिले.

ॲलनसमोरचा प्रश्न अधिक अवघड होता. ज्या इंजिनाने विक्रम घडवला, तेच इंजिन भावाच्या मृत्यूला निमित्त ठरले होते आणि ते त्याच्याच हातचे होते. संघ मिटवून टाकला असता तरी कोणी दोष दिला नसता. ॲलनने तसे केले नाही. फ्रेस्नोचा गॅरी सेल्झी हा ब्लेनचा मित्र. तोही अल्कोहोल वर्गातच घडलेला चालक. १९९७ मध्ये ॲलनने त्याला टॉप फ्युएलमध्ये आणले. ब्लेनने तीन वर्षांपूर्वी चढलेली पायरी आता सेल्झी चढत होता. हंगामातील पहिलीच स्पर्धा त्याने जिंकली आणि त्याच वर्षी टॉप फ्युएलचे विजेतेपदही मिळवले. १९९८ आणि २००० मध्ये ते पुन्हा या जोडीकडे आले.

पुढे ॲलनने टोनी शूमाकरच्या संघाची तांत्रिक सूत्रे हाती घेतली. २००४ ते २००८ अशी सलग पाच वर्षे शूमाकर विजेता ठरला. त्यांतील २००६ चे विजेतेपद हंगामाच्या शेवटच्या धावेवर अवलंबून होते. कॅलिफोर्नियातील पोमोना येथे अंतिम फेरी जिंकणे पुरेसे नव्हते, त्यासोबत राष्ट्रीय विक्रमाचे गुणही हवे होते. शूमाकरने ४.४२८ सेकंदांत दोन्ही साधले. टोपीकातल्या ब्लेनच्या विक्रमानंतर दहा वर्षांत विक्रमाचा काटा सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याएवढा खाली आला होता. ॲलनच्या सांता मारियातील कारखान्यात बनणारी सिलिंडर हेड्स तोपर्यंत अनेक प्रतिस्पर्धी संघांच्याही इंजिनांवर बसू लागली होती.

वेगाची ही चढण पुढे नियमांनीच थोडी रोखली. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटाच्या अपघाती मृत्यूनंतर टॉप फ्युएलची शर्यत पाव मैलाऐवजी १००० फुटांवर आणण्यात आली. गाडी थांबवण्यासाठी अधिक जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू.

२००१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने आपल्या पहिल्या पन्नास वर्षांतील ५० श्रेष्ठ चालकांची यादी जाहीर केली. टॉप फ्युएलचे एकही विजेतेपद नावावर नसलेल्या ब्लेन जॉन्सनला तीत स्थान मिळाले. खालच्या वर्गातील चार विजेतेपदांचे मोल त्यात होतेच. पण ती विजेतेपदे मागे ठेवून ज्या वर्गात त्याला जेमतेम तीन हंगाम मिळाले, तेथेही त्याने थोड्याच अवधीत अव्वल स्थान गाठले होते, याचीही ती पावती होती.