आडनाव टाकलेला चित्रकार

बंगालमध्ये भट्टाचार्य म्हटले की जात वेगळी सांगावी लागत नाही. १९१५ साली नैहाटी येथे जन्मलेल्या चित्तप्रसाद भट्टाचार्य यांनी जातिव्यवस्थेच्या निषेधार्थ हे आडनावच टाकून दिले. आपल्याकडे व्यासपीठावरून जात न मानणारे पुष्कळ आहेत. दारावरची पाटी मात्र जशीच्या तशी! म्हणून हा माणूस आमच्या वाचकांना ठाऊक असावा, असे आम्हाला वाटते.

चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. १९४३ च्या भीषण दुष्काळात ते मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडले, भुकेने मरणाऱ्या माणसांची रेखाटने केली, त्यांची हकीकत लिहून घेतली. त्यातून निघालेल्या 'हंग्री बेंगाल' या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. १९७२ च्या दुष्काळात आमच्या नगर जिल्ह्यात आधीच्या पिढीने खडी फोडली. त्यांचे चेहरे कोणी कागदावर उतरवले? नावे राहिली ती मस्टरवर, तीही अंगठ्याच्या शेजारी.

१९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईत, पुढे अंधेरीत राहिले. लिनोलियम कोरून छापे काढणे हे त्यांचे मुख्य माध्यम. एका ठशावरून अनेक प्रती निघतात, चित्र एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकत नाही.

त्यांचे नाव जर्मनीच्या केथे कोलवित्झ (१८६७-१९४५) यांच्याबरोबर घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. या अभिव्यक्तिवादी मुद्राचित्रकर्तीचे पती बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होते. तिथल्या थकलेल्या बाया तिच्या चित्रांत आल्या. स्वतःचा चेहरा तिने सुमारे १०० वेळा काढला. धाकटा मुलगा १९१४ साली युद्धात मारला गेला. त्याच्या दफनभूमीत १९३२ मध्ये तिने शोकाकुल आईबापांचे पुतळे उभारले, त्यांतल्या आईला चेहरा दिला तो स्वतःचा. पुढच्याच वर्षी नाझींनी तिला अकादमीतून बाहेर काढले. ती स्वतःचा चेहरा पुन्हा पुन्हा तपासत राहिली, चित्तप्रसाद यांनी स्वतःचे नाव तपासले. आम्हाला ही दोन्ही आत्मचित्रेच वाटतात.

कम्युनिस्ट पक्षापासूनही ते पुढे दूर झाले आणि हलाखीत जगले. तरी १९५२ मध्ये राबणाऱ्या मुलांवरची ठसेचित्रे त्यांनी कोरलीच. ती पुस्तकरूपाने आली १९६९ साली, युनिसेफच्या डॅनिश समितीकडून. १९७८ मध्ये ते वारले. जाळपोळीतून वाचलेली 'हंग्री बेंगाल'ची एक प्रत कुटुंबाने बँकेच्या लॉकरमध्ये जपली होती. तिच्यावरून २०११ मध्ये पुस्तिका पुन्हा छापली गेली.