कर्नल साइक्स व दख्खनचे वटवाघूळ

तिन्हीसांजा होऊन गुरे गोठ्यात आली की आपल्या चांदीप गावच्या घरांवरून लहान लहान वटवाघळे भिरभिरू लागतात. मुले त्यांस भितात, वडील माणसे त्यांस अपशकुनी म्हणतात, आणि त्यांचे तोंड जवळून निरखून पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका लष्करी अंमलदाराच्या मनात ते आले. सह्याद्रीपलीकडील मुलखात सापडलेल्या अशाच एका प्राण्यास त्यांनी दख्खन देशाचे नाव दिले. हे गृहस्थ म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. त्यांचे घराणे यॉर्कशायरचे. चौदा वर्षे पूर्ण होऊन थोडेच महिने लोटले होते, तोच, म्हणजे १८०४ साली, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी म्हणून दाखल झाले. ज्या वयात आपल्यातील पुष्कळ विद्यार्थी इंग्रजी व्याकरणाशी झगडत असतात, त्या वयात हा मुलगा परमुलखात तलवार बांधून उभा होता. १८०५ साली भरतपूरच्या वेढ्यात ते लॉर्ड लेक यांच्या सैन्याबरोबर होते. पुढे त्यांनी हिंदुस्थानी व मराठी या भाषांचा चांगला अभ्यास केला, आणि १८१० च्या सुमारास दोन्ही भाषांचे दुभाषी होण्याइतकी योग्यता मिळविली. १८१७ च्या नोव्हेंबरात पेशवाईचा शेवट जवळ आणणाऱ्या खडकीच्या व पुण्याच्या लढाया झाल्या, त्यांत साइक्स कंपनीच्या देशी पलटणीचे पुढारी होते. हे सांगताना मराठी लेखणी किंचित अडखळते. परंतु चरित्र लिहावयाचे तर ते वगळून चालणार नाही.

मध्यंतरी काही वर्षे युरोपात प्रवास करून ते परतले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ साली त्यांस एक नवेच काम सांगितले. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांची संपूर्ण माहिती आकड्यांनिशी गोळा करावयाची होती. लोकसंख्या, जमिनी, पिके, वेतन, पाऊस, हवेचा दाब, काहीच सुटावयाचे नव्हते. सरकारास या माहितीचा उपयोग मुख्यतः महसुलाकरिता होता हे उघड आहे. साइक्स मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. गावोगाव हिंडताना पशू, पक्षी, मासे व रेशमाचे किडे यांचीही त्यांनी नोंद ठेविली. १८२९ च्या डिसेंबरात सरकारने ही जागाच काढून टाकली, तरी हाती घेतलेले काम त्यांनी टाकले नाही. १८३१ च्या जानेवारीत ते संपवूनच ते विलायतेस निघाले.

त्याच वर्षी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. यादीत लॅटिन नावांबरोबर मराठी नावेही होती. रानकुत्र्यापुढे ‘कोळसून’ हे नाव त्यांनी आवर्जून लिहिले. ही नावे त्यांस कोणी शेतकऱ्याने, गुराख्याने वा शिकाऱ्यानेच सांगितली असली पाहिजेत. त्या सांगणाऱ्यांची नावे मात्र आपणांस ठाऊक नाहीत. याच यादीत एका वटवाघळास त्यांनी ‘ऱ्हायनोलोफस दुखुनेन्सिस’ असे नाव दिले. दुखुन म्हणजे दख्खन.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द आडनावासारखा असतो, तो प्रजातीचा. दुसरा त्या विशिष्ट जातीचा. ‘ऱ्हायनोलोफस’ म्हणजे नाकावर तुरा असलेला. अशा वटवाघळांच्या नाकाभोवती कातडीची घडी असते, आणि तिच्या वर भाल्याच्या पात्यासारखे टोक उभे असते. साइक्स यांच्या वटवाघळाच्या नाकावर घडी होती खरी, परंतु असे टोक नव्हते. तिचा वरचा भाग बोथट होता, आणि दोन्ही बाजूंस तीन तीन लहान पाने होती. शिवाय या दुसऱ्या गटाच्या पायाच्या प्रत्येक बोटास दोनच पेरी असतात. पहिल्या गटात अंगठा सोडून बाकीच्या बोटांस तीन असतात. पेऱ्यांतील हा फरक किरकोळ वाटेल, परंतु वर्गीकरणाचे शास्त्र अशाच खुणांवर उभे असते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३१ सालीच हा गट वेगळा काढून त्यास ‘हिपोसिडेरॉस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘हिपोस’ म्हणजे घोडा व ‘सिडेरॉस’ म्हणजे लोखंड. अर्थात घोड्याचा नाल.

या प्रजातीची नमुन्याची जात म्हणून जे वटवाघूळ धरले जाते, त्याचे वर्णन श्नायडर नावाच्या जर्मन पंडिताने १८०० सालीच करून ठेविले होते. तो प्राणी मद्रासच्या दक्षिणेस, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या तरंगंबाडी येथील होता. गुहेचा अर्थ दाखविणारे ‘स्पेओरिस’ हे नाव श्नायडरने त्यास दिले होते. पुढील शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिले, तो दख्खनचे वटवाघूळ व तरंगंबाडीचे वटवाघूळ एकच ठरले! १८४२ साली ह्यू स्ट्रिकलंड यांच्या पुढाकाराने इंग्लंडात नामकरणाचे नियम लिहिले गेले, त्यांत जे नाव आधी छापले गेले तेच खरे, हे तत्त्व होते. अशा रीतीने साइक्स यांचे नाव बाद झाले, आणि ते वटवाघूळ ‘हिपोसिडेरॉस स्पेओरिस’ म्हणून राहिले. ग्रे यांच्या शब्दावरही मध्यंतरी संकट आले होते. डॉब्सन यांनी १८७६ च्या आपल्या ग्रंथात ‘फायलोऱ्हायना’ हे दुसरेच प्रजातिनाम वापरले; परंतु शेवटी जुनेच टिकले. ग्रे यांनी १८३८ साली याच प्रजातीत आणखी एक जात नोंदविली, तिचा नमुना धारवाडचा होता.

एक नाव गेले म्हणून साइक्स यांची सर्वच नावे गेली नाहीत. आपल्याकडील कोळसुनाच्या उपजातीस आजही ‘दुखुनेन्सिस’ म्हणतात. पुण्याच्या मुळा-मुठेतील एका महसीर माशास लोकांच्या तोंडचे ‘खुद्री’ हे नाव त्यांनी दिले, तेही कायम आहे. एका चंडोलाच्या नावात त्यांनी ‘देवा’ व एका लहानशा वटवट्याच्या नावात ‘रामा’ हे शब्द घातले, ते तसेच चालत आले आहेत.

विलायतेत साइक्स यांचा मान वाढत गेला. १८३४ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि त्याच साली निघालेल्या लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या संस्थापकांत ते होते. १८५६ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले, व १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबर्डीन शहरातर्फे पार्लमेंटात बसले. १६ जून १८७२ रोजी ते मरण पावले.

वटवाघळाच्या नाकावरील त्या पानांचा उपयोग काय, हे त्यांच्या हयातीत कोणासच उमगले नव्हते. १९३८ साली अमेरिकेत ग्रिफिन व पिअर्स यांनी यंत्राच्या साहाय्याने वटवाघळांचा आपणांस ऐकू न येणारा आवाज प्रथम टिपला. मनुष्याच्या कानास सेकंदास फार तर २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. स्पेओरिसचा सुमारे १,३०,००० कंपनांचा असतो. तो आवाज ते नाकावाटे सोडते, नाकाभोवतालची पाने त्यास दिशा देतात, आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून गुहेच्या काळोखातही त्यास भिंत कोठे व कीटक कोठे ते कळते.