देणगी की दावण?

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या वाचनालयाला एका पुढाऱ्याने पंचवीस हजार देऊ केले. सगळ्याजणी खूश! मग कळलं, पुस्तकं कुठली घ्यायची, समितीवर कोण बसणार, हे तेच ठरवणार. घरी भाजी निवडताना मला सर आशुतोष मुखर्जी आठवले.

आशुतोषबाबूंचा जन्म १८६४ सालचा, कलकत्त्याचा. गणितात विलक्षण हुशार, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्यांची मुलगी कमला लहान वयातच विधवा झाली. तिचं १९०८ साली त्यांनी पुन्हा लग्न लावून दिलं. लोकांनी नावं ठेवली, पण हा बाप डगमगला नाही.

१९०६ ते १९१४ ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. तोवर विद्यापीठ म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारं ऑफिस. त्यांनी तिथे एम.ए.चे वर्ग आणि संशोधन सुरू केलं. तारकनाथ पालित, रासबिहारी घोष या दानशूर वकिलांच्या पैशांतून सायन्स कॉलेज उभं केलं. सरकारी हिशेबखात्यातल्या सी. व्ही. रामन यांना प्राध्यापक म्हणून आणलं. मातृभाषेतून, म्हणजे बंगालीत, एम.ए. करायची सोयही १९१९ साली त्यांच्यामुळेच झाली.

१९२१ साली ते पुन्हा कुलगुरू झाले, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. १९२२ साली सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण कारभारावर अंकुश ठेवणाऱ्या अटी घालून. आशुतोषबाबूंनी ते साफ नाकारले. दारोदार झोळी फिरवू, पण विद्यापीठ कुणाच्या दावणीला बांधणार नाही, असं त्यांनी सिनेटला बजावलं.

१९२३ साली गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी सरकारला विरोध करणं सोडलं तर पुन्हा कुलगुरूपद देण्याची तयारी दाखवली. त्यांनी कडक पत्र लिहून तेही नाकारलं. पुढच्याच वर्षी, २५ मे १९२४ला, ते पाटण्यात वारले. त्यांनी आणलेल्या रामन यांना १९३० साली नोबेल मिळालं.

कुठे ते विद्यापीठ, कुठे आमची दोन कपाटं! तरी बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. आम्ही पैसे नम्रपणे नाकारले. दोघी-तिघी रागावल्या. त्यांचंही खरंच होतं, छप्पर गळतंय. आता दरमहा प्रत्येकी वीस रुपये काढतोय. पत्रे उशिरा येतील, पण पुस्तकं आम्हीच निवडू.