रोमचे हसतमुख संत फिलीप नेरी

आपल्या देवालयाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी स्मरणिकेत कोणा संताचे चरित्र सादर करावे ह्याचा विचार करू लागलो, तेव्हा रक्तसाक्षी, राजे आणि पंडित ह्यांची थोर नावे प्रथम आमच्या डोळ्यांपुढे आली. परंतु धर्मग्रामात घरोघरी जाताना जी विवंचना आमच्या कानी वारंवार पडते, ती तलवारीची किंवा तुरुंगाची नसून महिनाअखेरीची असते. मिळकत बेताची, खाणारी तोंडे पुष्कळ, आणि शेजाऱ्याने लग्नात जेवढा थाट केला तेवढा आपण न केल्यास लोक काय म्हणतील ही धास्ती! अशा घरांत दोन प्रकारचे दुःख आमच्या दृष्टीस पडते. कोठे ऋण काढून सण साजरा होतो आणि मांडव उतरल्यावर वर्षानुवर्षे व्याज भरावे लागते. कोठे पैपैचा हिशेब चोख असतो, पण पैशांबरोबर घरातील हसूही कुलपात पडलेले असते. काटकसर आणि आनंद ही दोन्ही एकाच घरात सुखाने नांदू शकतील काय? रोम शहरात साठांहून अधिक वर्षे राहून ज्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आचरणाने दिले, त्या संत फिलीप नेरी ह्यांचे चरित्र म्हणूनच आम्ही निवडले आहे.

फिलीप ह्यांचा जन्म २१ जुलै १५१५ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला. पिता फ्रान्सेस्को हे दस्तऐवज लिहिण्याचा व्यवसाय करीत. घराणे प्रतिष्ठित असले तरी संपत्ती बेताचीच होती, आणि हलक्या धातूचे सोने करण्याच्या किमयेचा नाद पित्यास होता. सोने काही झाले नाही. माता लुक्रेझिया मुले लहान असतानाच निवर्तली. तथापि सावत्र मातेच्या छायेत मुलांस प्रेम लाभले. बालक फिलीप इतका गोड स्वभावाचा होता की, शेजारीपाजारी त्याला लाडाने भला पिप्पो म्हणत. खोड्या मात्र त्यालाही सुचत. एकदा फळे लादलेल्या गाढवाच्या पाठीवर त्याने उडी मारली, तो गाढव, फळे आणि स्वारी तिन्ही तळघरात कोसळली! वरती गाढव आणि खाली बालक अशी अवस्था असूनही त्यास इजा झाली नाही.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास पित्याने त्यांस मोन्ते कासिनोच्या पायथ्याशी सान जेर्मानो येथे एका सधन व्यापारी आप्ताकडे पाठविले. आप्तास पुत्र नव्हता. पेढी आणि मालमत्ता पुढेमागे फिलीप ह्यांसच मिळावयाची होती. पण तेथे त्यांचे मन रमले नाही. मोन्ते कासिनोच्या पवित्र मठाच्या सान्निध्यात आणि समुद्रकाठच्या गाएता येथील डोंगरातील देवळात ते तासन्‌तास प्रार्थना करीत. अखेर हाती आलेली संपत्ती सोडून ते रिकाम्या खिशाने रोमच्या वाटेस लागले. पिता सोन्याच्या शोधात होता आणि पुत्र चालत आलेले सोने मागे टाकून निघाला.

रोममध्ये गालेओत्तो काच्चा नामक फ्लॉरेन्सचे एक जकात अधिकारी राहत. त्यांनी फिलीप ह्यांस घराच्या माळ्यावरील एक लहानशी खोली दिली. त्याबदली फिलीप त्यांच्या दोन मुलांस शिकवीत. वेतन म्हणून वर्षाकाठी ठराविक गहू मिळे. हा गहू ते एका भटारखान्यात नेऊन देत आणि भटारी त्यांस दररोज एक पाव देई. एवढाच त्यांचा प्रपंच! खोलीत एक बिछाना, थोडी पुस्तके आणि कपडे टांगण्यास भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेली एक दोरी. भुकेची वेळ झाली की पाव घेऊन ते अंगणातील विहिरीवर जात, पाणी काढीत आणि तेथेच जेवीत. कधी चार ऑलिव्ह फळे किंवा थोडी भाजी सोबतीस असे. घरातील माणसांनी ताटे आग्रहाने वाढून ठेवावीत, तर ते नम्रपणे नको म्हणत.

वाचकहो, ह्या जमाखर्चाकडे क्षणभर नीट पाहावे. गहू किती येणार हे ठाऊक. पाव रोज किती मिळणार हेही ठाऊक. उद्याची चिंता एकदाच वर्षाच्या आरंभी उरकून टाकली, म्हणजे उरलेले दिवस प्रार्थनेस, अभ्यासास आणि मित्रांस मोकळे! काटकसरीचा खरा लाभ शिल्लक पडलेल्या नाण्यांत नसून मोकळ्या झालेल्या मनात असतो, हे फिलीप ह्यांनी ऐन विशीत ओळखले होते.

ह्या काळात त्यांनी तत्त्वज्ञान व ईशज्ञान ह्यांचे अध्ययन केले. त्यांची बुद्धी तीव्र होती. विद्वान म्हणून नाव मिळविणे त्यांस कठीण नव्हते. परंतु एके दिवशी त्यांनी बहुतेक पुस्तके विकली आणि आलेले पैसे गरिबांस वाटून टाकले. पुढे ते इस्पितळांतील रोग्यांची शुश्रूषा करू लागले आणि पेढ्यांवरील व दुकानांतील तरुणांशी रस्त्यात गप्पा मारता मारता त्यांस देवाकडे वळवू लागले. रात्री ते संत सेबास्तियन ह्यांच्या भुयारी दफनभूमीत प्रार्थनेस जात. १५४४ च्या पेंटेकॉस्टच्या सुमारास तेथेच त्यांच्या हृदयात दैवी प्रेमाचा असा लोट शिरला की, त्यानंतर आयुष्यभर त्यांची छाती धडधडत असे. मरणोत्तर तपासणीत वैद्यांस त्यांच्या हृदयावरील दोन बरगड्या बाहेरच्या बाजूस वाकलेल्या आढळल्या.

१५४८ साली आपले पापनिवेदक पेर्सियानो रोसा ह्यांच्या साहाय्याने त्यांनी पवित्र त्रैक्याचा एक भ्रातृसंघ स्थापन केला. दोनच वर्षांनी, १५५० साली, रोममध्ये ज्युबिलीचे पवित्र वर्ष आले. दूरदूरचे यात्रेकरू पायी चालून येत; त्यांतील गरिबांस ना निवारा, ना अन्न. ह्या भ्रातृसंघाने त्यांस घरात घेतले, त्यांचे धुळीने माखलेले पाय धुतले, त्यांस जेवू घातले. पुढे इस्पितळातून बाहेर पडलेले, पण अजून कामास न लागलेले दुबळे रोगीही ते सांभाळू लागले. ज्युबिली कशी साजरी करावी ह्याचा हा धडा आपल्याही कामी पडावा.

२३ मे १५५१ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षात, फिलीप ह्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर ते सान जिरोलामो देवालयाच्या वास्तूत राहू लागले. पहाटेपासून ते पापनिवेदने ऐकत आणि दुपारी त्यांच्या खोलीत तरुण मंडळी जमे. वाचन होई, बोलणे होई, गाणे होई. खोली अपुरी पडू लागली, तेव्हा देवळाच्या माळ्यावर प्रार्थनागृह तयार केले. ह्यालाच ओरॅटरी म्हणतात. जोव्हान्नी आनिमुच्चिया ह्यांसारखे थोर संगीतकार ह्या मंडळीकरिता साधी भक्तिगीते रचीत. पुढे ओरातोरिओ ह्या संगीतप्रकारास नाव लाभले ते ह्याच प्रार्थनागृहावरून.

फिलीप ह्यांच्या कल्पकतेचा सर्वांत रम्य नमुना म्हणजे सात देवळांची यात्रा. उपवासकाळापूर्वी रोममध्ये कार्निव्हलचा धुमाकूळ चाले. मुखवटे, मद्य, शर्यती ह्यांत तरुण पैसा व अब्रू दोन्ही गमावीत. फिलीप ह्यांनी त्यांस नुसता उपदेश केला नाही. त्याहून गोड अशी करमणूक त्यांच्यापुढे ठेवली. संत पेत्र, संत पौल, संत सेबास्तियन, लातेरानचे संत योहान, पवित्र क्रूस, संत लॉरेन्स आणि थोर पवित्र मारिया अशा सात देवळांची वाट बारा-पंधरा मैलांची. ती सर्वांनी गात गात चालावी, वाटेत मिस्सा ऐकावी, आणि चेलियो टेकडीवरील मात्तेई घराण्याच्या बागेत गवतावर बसून जेवावे. जेवण काय, तर पाव, एखादे अंडे, चीजचा तुकडा, एक-दोन फळे आणि थोडा द्राक्षारस. जेवताना वादक वाद्ये वाजवीत आणि एखादा लहान मुलगा पाठ केलेले प्रवचन म्हणून दाखवी. आरंभी मूठभर माणसे निघत. पुढे ही संख्या हजारांवर गेली. त्या गवतावर सरदार आणि चांभार शेजारीशेजारी बसत आणि दोघांच्याही वाट्यास तोच पाव येई. मोकळी हवा, चालून लागलेली भूक आणि जिवाभावाची संगत असल्यावर साधा पावही पक्वान्नासारखा लागतो. आमच्या भगिनी कोंड्याचा मांडा करून मुलांस हसत वाढतात, त्यांस हे वेगळे सांगणे नकोच.

फिलीप ह्यांची विनोदबुद्धी प्रसिद्ध आहे. लोक आपणांस संत म्हणू लागले आहेत असे दिसताच ते अर्धीच दाढी करून लोकांत जात, किंवा पायांत मोठे पांढरे जोडे घालून हिंडत. थोर पाहुणे भेटीस आले असता ते विनोदी गोष्टींचे पुस्तक वाचवून घेत. त्यांचे विद्वान शिष्य चेझारे बारोनियो ह्यांनी ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे बारा खंड लिहिले; पण फिलीप त्यांस भलामोठा बुधला देऊन मद्याच्या दुकानी पाठवीत आणि अगदी थोडे मद्य आणावयास सांगत, तेही मोठे सोन्याचे नाणे देऊन. दुकानदार चिडे आणि पंडिताचा अहंकार उतरे! हेच बारोनियो सोबतच्या धर्मगुरूंकरिता इतका काळ स्वयंपाक करीत होते की, आपण येथील कायमचे आचारी आहोत असे त्यांनी गमतीने चुलीवरील भिंतीवर लिहून ठेवले होते.

त्यांची काटकसर कोरडी किंवा कुरकुरी नव्हती. गरिबी त्यांस प्रिय होती, पण घाण मुळीच खपत नसे. वस्त्र साधे असावे, पण स्वच्छ असावे. आपण स्वतः अल्प खात. परंतु शिष्यांनी पुढे येईल ते तक्रार न करता खावे असे सांगत आणि कडक उपासांचा आग्रह धरीत नसत. मुले त्यांच्या दाराशी चेंडू आपटून गोंगाट करीत तेव्हा इतरांस त्रास होई. फिलीप मात्र मुले पापापासून दूर राहत असतील तर आपल्या पाठीवर लाकडे फोडली तरी चालतील, अशा अर्थाचे बोलत. उदास माणसापेक्षा आनंदी माणसास सन्मार्गावर नेणे सोपे, हे त्यांचे अनुभवाचे मत होते. मृत्युपत्रांतून चालून येणारी संपत्ती ते नाकारीत. कोणी एकाने त्यांस शंभर मुद्रा ठेविल्या होत्या. त्या मृत्युपत्राचा कागद त्यांनी एका बरणीवर झाकण म्हणून घातला असे सांगतात.

सर्व दिवस सुखाचेच होते असे नव्हे. १५५९ साली, नवे पंथ काढण्याचा आरोप येऊन, त्यांस पंधरा दिवस पापनिवेदने ऐकण्याची मनाई झाली. त्यांनी निमूटपणे आज्ञा पाळली. पुढे ते निर्दोष ठरले. पैशाने विकत घेतलेला आनंद असा प्रसंग आला की पळून जातो. त्यांचा टिकला, कारण त्याचे मूळ प्रार्थनेत होते.

ह्या संताचा आपल्या देशाशीही संबंध आहे. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांची पत्रे ओरॅटरीत वाचली जात, तेव्हा फिलीप व त्यांचे काही सोबती ह्यांच्या मनात हिंदुस्थानात येऊन ख्रिस्ताकरिता प्राण वेचावे असे आले. सल्ला घेण्यास ते त्रे फोंताने येथील एका पुण्यशील मठवासीयाकडे गेले. त्याने त्यांस रोम हेच आपले हिंदुस्थान मानावे असे सांगितले. फिलीप रोममध्येच राहिले. परंतु त्यांची ओरॅटरी मात्र येथवर आली. १६८२ साली काही गोमंतकीय धर्मगुरू जुन्या गोव्यात एकत्र राहू लागले होते. १६८५ साली बाणावलीचे फादर जोसेफ वाझ त्यांस मिळाले आणि त्या मंडळीस फिलीप ह्यांच्या ओरॅटरीचे वळण लाभले. फादर वाझ १६८७ साली गरीब मजुराच्या वेषात सिलोनात उतरले आणि १७११ साली कँडी येथे देवाघरी गेले. १४ जानेवारी २०१५ रोजी त्यांस संतपद मिळाले.

१५७५ साली पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी ओरॅटरीस मान्यता देऊन सांता मारिया इन वाल्लिचेल्ला हे देवालय दिले. तेथील धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नसत. प्रत्येकजण आपल्या खर्चाचा वाटा स्वतः उचलून एकत्र राही. व्रताच्या बंधनावाचून साधेपणाने राहण्याची ही रीत संसारी माणसास विशेष जवळची वाटावी. १५८३ साली फिलीप तेथे राहावयास गेले, तेव्हा त्यांची भांडीकुंडी शिष्यांनी हातांत घेऊन भर रस्त्याने मिरवत नेली आणि बघे हसत राहिले. जुन्या घरी राहिलेल्या मांजरीस खाऊ घालण्याकरिता ते मोठमोठ्या लोकांस पाठवीत. कार्डिनलपद चालून आले असता त्यांनी तेही नाकारले.

२५ मे १५९५ रोजी ख्रिस्तशरीराचा सण होता. त्या दिवशी त्यांनी मिस्सा केली, पापनिवेदने ऐकली, भेटीस आलेल्यांशी प्रेमाने बोलले. आणि मध्यरात्र उलटल्यावर, वयाच्या ऐंशीव्या वर्षात, शांतपणे प्राण सोडला. १२ मार्च १६२२ रोजी त्यांस संतपद मिळाले, ते संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याच बरोबर. ज्यांच्या मागे जावयाचे राहिले, त्यांच्या पंक्तीस देवाने त्यांस बसविले.

प्रिय धर्मबंधू-भगिनींनो, एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. फिलीप ह्यांनी गरिबी आपखुशीने पत्करली होती. ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्यास आनंदी राहा असे नुसते सांगून चालते होणे हा संतांचा मार्ग नव्हे. त्यांनी अशांकरिता पुस्तके विकली, पाय धुतले, अन्न वाढले. म्हणून ज्यांस दोन घास अधिक मिळतात त्यांनी आपली काटकसर शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचवावी. आणि ज्यांची मिळकत बेताची आहे त्यांनी अंथरूण पाहून पाय पसरताना लाजू नये. लग्न, बाप्तिस्मा, सण हे लोकांच्या डोळ्यांकरिता करू नयेत. एखादे रविवारी मिस्सेनंतर मुलाबाळांसह घरची भाकरी बांधून झाडाखाली बसावे, चार गाणी म्हणावी, म्हाताऱ्याकोताऱ्यांस सोबत न्यावे. त्यास कर्ज लागत नाही, आणि त्याची आठवण मुलांस जन्मभर पुरते.

आपल्या ज्युबिलीचा आनंदही असाच असो. संत फिलीप नेरी ह्यांच्या मध्यस्थीने परमेश्वर आपल्या प्रत्येक घरास पुरेशी भाकरी, ऋणमुक्त माथा आणि हसरे मुख देवो, हीच आमची प्रार्थना.