बिल्ला क्रमांक ७१४

दूरचित्रवाणीवरील पोलिस तपासाच्या मालिकांना वळण देणारे जॅक वेब यांचा जन्म १९२० मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे झाला. एका चित्रपटाच्या निमित्ताने लॉस एंजलिसच्या पोलिस सार्जंटशी त्यांची ओळख झाली आणि खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेली ‘ड्रॅगनेट’ १९४९ मध्ये रेडिओवर, तर १९५१ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. तीत गोळीबार कमी. कागदपत्रे, चौकशा आणि कंटाळवाणी पायपीटच अधिक. अर्थात, संहिता पोलिस खात्याच्या नजरेखालून जात, हेही खरे. वेब यांनीच साकारलेल्या सार्जंट फ्रायडेला घरसंसार जवळपास नव्हताच. खुद्द वेब यांचेही तीन विवाह मोडले. पहिला, गायिका ज्युली लंडन यांच्याशी झालेला. १९८२ मध्ये ते गेले, तेव्हा लॉस एंजलिस पोलिसांनी या नटाला सन्मानाने निरोप दिला आणि फ्रायडेच्या बिल्ल्याचा क्रमांक कायमचा निवृत्त केला.