खाटेवरून ऐकलेला माळवा

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, लष्करात नर्सिंग असिस्टंट होते. आमच्या वसईत मात्र लोक त्यांना व्हायोलिनवाले म्हणूनच ओळखतात. चर्चमधली गीतं तर ते वाजवतातच, पण लग्नघरी बायका जी गावगाणी म्हणतात तीसुद्धा कानाने उचलून वाजवतात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर धारला मावशीकडे गेले होते. महूच्या लष्करी दवाखान्यात आजोबांची काही वर्षं गेली असल्यामुळे हा मुलूख त्यांच्या ओळखीचा. एक दिवस ते म्हणाले, देवासला जाऊन येऊ, कुमार गंधर्वांचं गाव बघू. धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास असा एसटीसारखाच खडखडाट करणाऱ्या बसमधून आमचा प्रवास झाला. वाटेत मी त्यांना माझ्या ट्यूटोरियलमधलं एक वाक्य ऐकवलं. क्षयरोग हे कुमारांना मिळालेलं वरदान ठरलं, असं मी लिहिलं होतं. आजोबा चक्क चिडले. का चिडले, ते सांगण्यासाठी आधी कुमारांची गोष्ट सांगते.

कुमारांचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. लहानपणीच हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. त्या वयातच एका मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व म्हटलं आणि तेच नाव कायमचं झालं. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झालं. विशीच्या आतच नाव झालं, मैफली सुरू झाल्या. देवधरांकडेच शिकणाऱ्या, मूळच्या कराचीच्या भानुमती कंस यांच्याशी १९४७ साली लग्न झालं. त्याच वर्षी क्षयाचं निदान झालं.

कोरडी हवा मानवेल म्हणून कुमार देवासला आले. तारीख होती ३० जानेवारी १९४८, गांधीजींची हत्या झाली तोच दिवस. देवास गाव कानडी मुलखातून आलेल्या या माणसाला अगदी परकं नव्हतं. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थानं, त्यामुळे तिथे मराठी घरं पुष्कळ. गाण्याची जाणही होती. रजब अली खाँसाहेब तेव्हा देवासातच राहत होते. पण कुमारांना गायची मनाई. वय जेमतेम चोवीस आणि दिवसभर खाटेवर पडून राहायचं. भानुमतींनी शाळेत नोकरी धरली. घरखर्च, औषधं, शुश्रूषा, सगळं त्यांच्याच अंगावर आलं.

औषध होतं स्ट्रेप्टोमायसिन. १९४३ साली अमेरिकेत शोध लागलेलं, क्षयावर खरोखर लागू पडणारं पहिलं औषध. इथे आजोबांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला माहीतच नव्हती. क्षयाच्या वॉर्डात त्यांनी ही इंजेक्शनं पुष्कळ दिली होती. या औषधाने काही रोग्यांचा तोल जातो, काहींच्या कानात आवाज येत राहतात, काहींना ऐकूच येईनासं होतं. म्हणजे फुप्फुस वाचवायला घेतलेलं औषध कानावर उठू शकतं. गवयाच्या बाबतीत ही केवढी जोखीम, विचार करा! कुमारांचे कान वाचले. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झालं.

आणि त्या वाचलेल्या कानांनी त्यांनी काय केलं? ऐकलं. रस्त्याने जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नातली, सणातली, ऋतूंची गाणी, नाथपंथी साधूंची निर्गुणी भजनं. माळव्यातल्या या गाण्यांत सूर चारपाचच, पण तेवढ्यातही गाणं पूर्ण वाटतं. राग याच धुनांतून निघाले असतील, असं कुमारांना दिसू लागलं. त्यांनी धुना जमवल्या, त्यांची स्वरलिपी केली आणि त्यांतून नवे राग उभे केले. मालवती, लगनगांधार, संजारी, सहेली तोडी ही त्यांतली काही नावं. १९६५ मध्ये त्यांच्या बंदिशींचं ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक आलं. त्याआधी, १९५३च्या सुमारास, ते पुन्हा मैफलीत बसू लागले होते. गीतवर्षा, माळव्याच्या लोकधुना, कबीराची निर्गुणी भजनं असे कार्यक्रम पुढे झाले.

छोट्या छोट्या तुकड्यांत, मध्येच श्वास सोडून गायची त्यांची पद्धत फुप्फुसामुळेच आली, असं बरेच जण मानतात. मलाही ते पटत होतं. पण मग एका फुप्फुसाचा प्रत्येक गवई कुमार गंधर्व झाला असता ना? दम कमी पडतो ही अडचण. त्या अडचणीतून काय काढायचं हे डोकं ठरवतं, आणि ते डोकं लहानपणापासूनच वेगळं होतं.

१९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमती गेल्या. पुढे कुमारांचं वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी लग्न झालं आणि त्या मैफलीतही त्यांच्या साथीला बसत. १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासातच ते गेले. बरं झाल्यावर मुंबईला परतता आलं असतं, पण त्यांनी ते गाव सोडलं नाही.

माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर आहे, ‘भानुकुल’. आम्ही बाहेरच थोडा वेळ थांबलो. आजोबांचं म्हणणं सरळ होतं. त्यांनी त्या वॉर्डात पोरंसोरं गेलेली पाहिली आहेत, त्यामुळे क्षयाला वरदान म्हणणं त्यांना सहन होत नाही. रोगाने कुमारांची पाच-सहा वर्षं आणि एक फुप्फुस नेलं, दिलं काहीच नाही. दिलं ते औषधाने, भानुमतींच्या पगाराने आणि ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत अशा माळव्यातल्या बायकांनी.

परतीच्या बसमध्ये आजोबा झोपले. मी वही काढली, वरदानाचं वाक्य खोडलं आणि तिथे भानुमतींचं नाव लिहिलं. आधीच्या मसुद्यात ते एकदाही आलं नव्हतं.